रोह्याच्या अलीकडचं फाटक

कॉम्प्युटरवर डिझेल इंजिन बांधायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते हौसेपोटी नव्हे. हौस करावी असं ते वर्षच नव्हतं. त्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन आई गेली, आणि त्यानंतर माझ्यात काहीतरी बंद पडलं. रडू आलं नाही. भेटायला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, ही पोरगी कधी एकदा हंबरडा फोडते म्हणून. मी त्यांना चहा करून द्यायचे. आत्या शेवटी ओटीवर म्हणालीच, की पोरगी दगड आहे. मला त्याचाही राग आला नाही, आणि एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो.

आम्ही अष्टमी गावात राहायचो, रोहा स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर. बाबा डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होते. दिव्याहून सुटलेली पॅसेंजर पनवेल, पेण, नागोठणं करत दुपारी रोह्याला आणायची, हे त्यांचं बहुतेक दिवसांचं काम. रोह्याच्या अलीकडे एक फाटक लागतं. फाटकाआधी शिट्टीची पिवळी पाटी असते आणि तिथे ड्रायव्हरने लांब शिट्टी द्यायची असते, हा नियम. आमच्या घरी मात्र त्या शिट्टीचं काम वेगळंच होतं. आई सकाळपासून सगळं उरकून आधणाचं पातेलं मंद आचेवर ठेवायची, आणि फाटकाची शिट्टी ऐकू आली की तांदूळ वैरायची. गाडी फलाटाला लागून, इंजिन सुटून, बाबा सही करून घरी येईपर्यंत पेज काढलेला भात वाफ धरून असायचा. गाडी तासभर उशिरा आली तर भातही तासभर उशिरा. आईने आयुष्यात मनगटी घड्याळ बांधलं नाही. गडबच्या माहेराहून तांदूळ यायचा, वेळ बाबांकडून यायची, तिला आणखी काही लागत नसे. दुसऱ्या ड्रायव्हरची शिट्टी तिला बरोबर कळायची. ‘हा आपला नाय,’ म्हणायची आणि भाजी निवडत बसायची. मी कुकर घेऊ म्हटलं, तर म्हणे की कुकरचा भात माणसाची वाट बघत नाही, गिचका होतो.

ती गेल्यावर मी सकाळीच भात करून झाकून ठेवायचे आणि पेणला कामावर जायचे. बाबा दुपारी कुलूप काढून तो गार भात खायचे. ठीक चाललं आहे, असं मला वाटत होतं.

मग एक दिवस बाबांना इंजिनावरून उतरवलं. रोह्याच्या अलीकडच्या फाटकावर ते शिट्टी न देता गाडी नेतात, अशी तक्रार गेली होती. एकदा झालं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं, पण हे बरेचदा झालं होतं. साहेबांनी विचारलं, तर बाबा म्हणाले, विसरलो. आता उजळणीचा वर्ग करायचा, तोवर ऑफिसात बसायचं, आणि मग साहेब स्वतः इंजिनात उभे राहून एक फेरी बघणार. त्या फेरीत पुन्हा शिट्टी राहिली तर इंजिन कायमचं सुटणार होतं. निवृत्तीला दोनेक वर्षं होती. ती त्यांना खुर्चीत काढावी लागली असती.

आणि बाबा खुर्चीतले नव्हते. ऑफिसातून आले की खुंटीला सदरा अडकवून ओटीवर बसायचे, हात मांडीवर ठेवून, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे तरी आणून ठेवलेत. बायको गेली ती गेली, आता इंजिनही गेलं तर हा माणूस वर्षभरही टिकणार नाही, एवढं मला कळत होतं. कळत होतं म्हणजे हिशेब कळावा तसं. पोटात काही हललं नव्हतं. बाबा विसरायला लागले आहेत, तर त्यांचा सराव झाला पाहिजे, एवढंच मी ठरवलं.

पेणला मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. खाली गणपतीचा कारखाना आणि वर आमचा क्लास, त्यामुळे कीबोर्डवर कायम प्लॅस्टरची भुकटी. रोज सकाळी शिकवण्याआधी मी फडकं मारायचे. क्लासच्या सरांकडे मुंबईहून एक सीडी आली होती. परदेशी आगगाडी चालवायचा खेळ. त्यात नुसती गाडी चालवता येत नव्हती, आपलं इंजिन बांधताही येत होतं. वजन किती, ताकद किती, ब्रेक लागायला किती वेळ, हे सगळं एका साध्या फाइलीत आकड्यांनी लिहायचं. चित्रं आपण काढायची, आवाज आपण भरायचे, रूळसुद्धा आपणच टाकायचे. सरांनी रविवारची किल्ली दिली, पण सगळी टेबलं पुसून ठेवायच्या अटीवर. फुकट ते पौष्टिक म्हणून मी मान्य केलं.

पहिल्या रविवारी बाबांना पेणला घेऊन गेले, तेव्हा ते पडद्याकडे बघून म्हणाले, ‘हा तर आगगाडीचा टीव्ही हाय.’ मी खेळातलं तयार इंजिन चालू करून दिलं. एक कळ दाबली आणि गाडी सुटली. बाबा मागे रेलून बसले. ही एस्टी आहे, त्यांनी सांगितलं, डिझेल इंजिन असं सुटत नाही. आठ खाचांचा दांडा असतो, तो एकेक खाच पुढे न्यायचा. खाच वाढवली की आधी इंजिन घुमतं, मग काटा चढतो, मग डब्यांचे सांधे एकामागून एक ताणले जातात, आणि शेवटच्या डब्याला कळतं की आपण निघालो.

मग आम्ही कामाला लागलो. मी वजन वाढवलं, तेव्हा इंजिन चढावर मेलं. ताकद वाढवली, तर चाकं जागीच फिरायला लागली. ब्रेकचं तर विचारू नका. बाबा सांगायचे की गाडीचा ब्रेक लावला की आधी काहीच होत नाही, मग होतं, आणि होतं तेव्हा जास्त होतं. मी विचारलं, किती वेळ काहीच होत नाही? ते म्हणाले, जेवढा वेळ पोटात गोळा येतो तेवढा. हे फाइलीत कसं लिहायचं? मी एक आकडा टाकायचे, ते चालवून बघायचे, मान हलवायचे. पुन्हा दुसरा आकडा. एका रविवारी ते मान न हलवता नुसते पुढे बघत राहिले, तेव्हा मी तो आकडा तसाच ठेवला.

आमचं खरं भांडण झालं ते नाकावरून. आमच्याकडच्या इंजिनाला एक बाजू नाकासारखी लांब असते. ती पुढे असली की ड्रायव्हरला समोरचं निम्मं दिसतच नाही, नाकाच्या कडेने वाकून बघायचं. खेळात ड्रायव्हरसमोर छान मोठी काच होती आणि सगळे रूळ दिसत होते. बाबा म्हणाले, नाक दिसलंच पाहिजे. मी म्हटलं, बाबा, त्याने अर्धा पडदा जाईल, मग खेळायचं काय? ते म्हणाले, ‘आमचा पन अर्धा पडदा जातो. आमी काय खेलत नाय.’ शेवटी मी चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये तांबडं लांब नाक काढलं आणि अर्ध्या पडद्यावर चिकटवलं. सरांनी सोमवारी ते पाहिलं आणि विचारलं, की हे काय मध्ये आलंय? मी म्हटलं, इंजिन.

रूळही मी टाकले, पेण ते रोहा. पेणच्या पुढे खाडीकडची मिठागरं दाखवायला पांढरे चौकोन भरले. खेळातली झाडं सगळी उभट, बर्फाच्या देशातली. बाबांनी विचारलं, नागोठण्याला ही कसली झाडं लावलीस गो? मी सगळी काढून टाकली. त्यामुळे आमची लाइन अगदी उघडीबोडकी झाली, पण फाटकं जागच्या जागी होती, आणि प्रत्येक फाटकाआधी पिवळी पाटी होती. त्या पाट्या मी फार मन लावून केल्या. सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता.

राहिली शिट्टी. खेळातली शिट्टी ऐकून बाबा म्हणाले, ही बोट आहे. मग मी टेपरेकॉर्डर घेऊन रोहा स्टेशनवर गेले. बाबांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता. त्याला कशासाठी ते सांगितलं, तर तो इंजिनात चढला आणि लांबलचक शिट्टी दिली. फलाटावरची कुत्री उठली. ती मी टेपमधून वायरीने कॉम्प्युटरमध्ये घेतली आणि स्पेस बारवर बसवली. पहिल्यांदा ती क्लासमध्ये वाजली, तेव्हा खालचे कारागीर वर बघायला आले, आणि बाबा पाणी प्यायला बाहेर गेले.

आता सगळं तयार होतं. मी बाबांच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचे आणि ते चालवायचे. माऊस त्यांना कधीच जमला नाही, तो ते विंचू धरावा तसा धरायचे, पण कळांवर हात लवकर बसला. पेणहून गाडी सुटायची. एकेक खाच, काटा चढायचा, नाकाच्या कडेने रूळ येत राहायचे. पहिलं फाटक, पाटी, शिट्टी. कासू स्टेशनच्या आसपासचं फाटक, शिट्टी. नागोठणं यायच्या आधी शिट्टी, नागोठणं सोडल्यावर शिट्टी. एकही चुकली नाही. मी मनात म्हटलं, अरे, हे तर विसरत नाहीत.

मग रोह्याच्या अलीकडचं फाटक आलं. बाबांनी बऱ्याच आधी दांडा मागे घेतला, ब्रेक लावला, आणि गाडी माणूस चालतो तेवढ्या वेगावर आणली. पाटी आली. त्यांचा हात स्पेस बारकडे गेला, वर थांबला, आणि परत मांडीवर आला. गाडी तशीच सरपटत फाटकातून गेली.

मला वाटलं, कळ अडकली असेल, प्लॅस्टरची भुकटी गेली असेल आत. मी कीबोर्ड उलटा करून झटकला, कळ दाबून बघितली. शिट्टी वाजली. म्हटलं, पुन्हा चालवा. पुन्हा सगळ्या शिट्ट्या झाल्या आणि तिथे पुन्हा हात मांडीवर. पुढच्या रविवारी तेच. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, इथे तर मी अख्खं पातेलं उपसून पाहिलं होतं.

मी कॉम्प्युटर बंद केला नाही. गाडी रोह्याच्या फलाटावर धडधडत उभी होती. मी विचारलं, बाबा, तुम्ही विसरत नाही. मग काय आहे?

त्यांनी तांबड्या नाकाकडे बघितलं. मग म्हणाले, ‘घराला कुलूप असतं, बाय. कुनाला सांगू, आलो म्हनून?’

 मला राग आला, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा, आणि राग येतोय याचंच बरं वाटलं. मी म्हटलं, फाटकावर शाळेतली पोरं असतात. म्हाताऱ्या असतात. शिट्टी त्यांच्यासाठी असते बाबा, आपल्या भातासाठी नाही.

‘ठाव हाय,’ बाबा म्हणाले. ‘म्हनून तर गाडी पार पायाच्या चालीवर आनतो. पन हात जात नाय. बाकी सगलीकडं जातो. तिथं आलं का जातच नाय.’

हे त्यांनी साहेबांना सांगितलं नव्हतं. सांगून काय उपयोग होता? बायको भात टाकायची म्हणून शिट्टी वाजवायचो, आणि आता टाकत नाही म्हणून वाजवत नाही, हे कोणत्या नियमात बसलं असतं? विसरलो म्हटलं की निदान उजळणीचा वर्ग तरी मिळत होता.

येताना आम्ही पॅसेंजरने आलो. त्या फाटकावर दुसऱ्या कुणा ड्रायव्हरने लांब शिट्टी दिली. बाबा खिडकीतून दुसरीकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं, की साहेब ज्या दिवशी इंजिनात असतील, त्या दिवशी मी घरी असेन. आधण ठेवेन. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की गाडीने हलली, हे मला कळलं नाही.

त्यानंतरही दोन रविवार आम्ही पेणला गेलो. शेवटच्या फाटकाला हात मांडीवरच राहिला.  पडद्यावरच्या अष्टमीत घरच नव्हतं. मी ते काढलंच नव्हतं.

फेरीचा दिवस ठरला तेव्हा मी क्लासमधून रजा घेतली. बाबा अंधारातच गेले होते, धुतलेला पोशाख घालून. जाताना मी आठवण केली नाही. आठवण ही काही त्यांची अडचण नव्हती.

दुपार व्हायला आली तशी मी आईचं पातेलं काढलं. खूप दिवस ते वरच्या फळीवर होतं. घासलं, पाणी ठेवलं, तांदूळ धुऊन ताटलीत निथळत ठेवले. आच मंद केली. मग स्वयंपाकघराच्या पाटावर बसून राहिले. मला वाटत होतं की आता भीती वाटेल, धडधडेल. तसं काही झालं नाही. पाण्याला बारीक बुडबुडे येत होते आणि मी ते बघत होते. गाडी उशिरा होती. पाणी आटलं, मी आणखी घातलं. शेजारच्या काकू डोकावल्या, पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत गेल्या.

मग लांबून इंजिनाची घरघर आली. ती मला ओळखू आली, कारण कितीतरी रविवार मी तीच ऐकत होते. घरघर बसली. म्हणजे त्यांनी दांडा मागे घेतला होता. गाडी हळू होत होती. आता ब्रेक, मनात म्हटलं. आता पाटी. मी उभी राहिले, ताटली हातात घेतली.

काहीच आलं नाही. नुसती चाकं वाजत होती. मला वाटलं, गेलं. इंजिन गेलं.

आणि मग शिट्टी वाजली. उशिरा, पाटी ओलांडून पार फाटकाच्या तोंडाशी असेल, पण लांब, इतकी लांब की संपायचं नावच घेईना. घरातली भांडी ती ऐकत उभी होती, मीही उभी होते. वैर, मी स्वतःला म्हटलं. आता वैर. आणि माझा हात जाईना. ताटली हातात, आधण समोर खळखळतंय, आणि हात पुढे जातच नाही. ती शिट्टी माझी नव्हती. जिची होती तिला ती ऐकू गेली नव्हती, आणि हे मला तेव्हा, त्या ताटलीसकट, पहिल्यांदा कळलं. मी तशीच उभी राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. आमच्याकडे वेळ गाडीवरून कळायची आणि गाडी तर आली होती.

बाबा आले तेव्हा मी उभीच होते. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, दारात आले. पातेल्यात नुसतं पाणी उकळत होतं.

‘ऐकलीस?’ त्यांनी विचारलं.

‘ऐकली.’

‘उशिरा झाली जरा. सायब बोलला, उशिरा झाली, पन झाली.’

मी ताटली पुढे केली.  बाबांनी ती माझ्या हातातून घेतली. त्या माणसाने जन्मात कधी चुलीसमोर उभं राहून भात केला नव्हता. त्यांनी तांदूळ वैरले, सगळे एकदम, वाफ हातावर आली तरी हात मागे घेतला नाही. मग उलथन्याने ढवळलं, गरजेपेक्षा जास्त. मी खाली पाटावर बसले आणि रडायला लागले. चांगली मोठ्याने, आत्याला पाहिजे होती तशी. बाबांनी मला गप्प केलं नाही. ते भात बघत उभे राहिले.

मध्येच त्यांनी एक शीत काढून बोटांत दाबलं, आई दाबायची तसं, आणि म्हणाले, झाला. झाला नव्हता. पेज काढली, ताटं घेतली. भात मध्ये कच्चा होता. आम्ही दोघांनी तो गरम गरम खाल्ला.